नदीच्या दोन काठांवरचे कागद

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे: 'आपण मूळचे नदीपल्याडचे.' नदी म्हणजे वर्धा. आमची शेती आर्वी तालुक्यात आहे आणि पल्याड म्हणजे अमरावती जिल्ह्यातला कौंडण्यपूर-तिवसा हा पट्टा. पण कोणते गाव, ते कोणी सोडले आणि कशासाठी, हे आजीलाही सांगता येत नसे. ते शोधायला मी तीन वर्षांपूर्वी लागलो, आणि पहिले वर्ष जवळजवळ वाया गेले. कारण नदीच्या दोन्ही काठांवर एकाच प्रकारचे कागद मिळतील असे मी गृहीत धरले होते.

तसे ते मिळत नाहीत. 1803 च्या देवगावच्या तहानंतर वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, नागपूरकर भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला आणि नदी ही सरहद्द झाली. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. त्यानंतर थोड्याच काळात नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत बनला. मालक एकच झाला, तरी जमिनीची व्यवस्था वेगळी राहिली. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली, म्हणून तिथल्या जुन्या कागदात सर्व्हे नंबरापुढे खातेदाराचे नाव सरळ सापडते. अल्याड मालगुजारी होती. इथे गावाचा धनी मालगुजार, त्याचा हिस्सा आण्यांत मोजलेला, आणि आपला पूर्वज साधा कास्तकार असेल तर त्याचे नाव जमाबंदीत मौरुसी (वंशपरंपरागत हक्काचे) किंवा तत्सम कुळ म्हणून आलेले असते. मी मालकांच्या यादीत आमचे आडनाव शोधत बसलो होतो. ते कुळांच्या यादीत होते.

जिल्ह्यांची नावेही चकवतात. 1905 पूर्वी वऱ्हाडात सहा जिल्हे होते. त्या वर्षी एलिचपूर अमरावतीत विलीन झाला, बाशीम जिल्हा मोडला आणि वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. पूर्वेकडे वर्धा जिल्हाच 1862 मध्ये नागपुरातून वेगळा काढलेला आहे. गडचिरोली 1982 मध्ये, वाशीम 1998 मध्ये आणि गोंदिया 1999 मध्ये झाला. त्यामुळे आपले गाव त्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या तालुक्यात होते हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय अभिलेख कक्षात पाऊल टाकू नये, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

तरीही पहिला कागद कार्यालयात नव्हता, चुलत्यांच्या लोखंडी पेटीत होता. जात पडताळणीसाठी ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे लागतात, आणि त्या निमित्ताने प्रत्येक घरातल्या कोणीतरी कधीतरी शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, वंशावळीचे शपथपत्र असा गठ्ठा जमवलेला असतो. काम झाले की तो बांधून माळ्यावर जातो. भाऊबंदांत विचारावे, ज्याच्या मुलाला आधी प्रमाणपत्र मिळाले त्याच्याकडे बहुतेक तो असतो.

कोतवाल बुक हा तर आमच्याकडचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर देई आणि तिची नोंद होई. जुनी बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. ती वाचताना मात्र सावध असावे. बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच, फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचे नाव, जात आणि तारीख. म्हणून भावंडांची जन्मवर्षे आधी अंदाजाने मांडून ठेवली, तर कोणती नोंद कोणाची हे जुळवता येते. हा अंदाज घरातल्या बायकाच देतात. माझी आत्या तारखा सांगत नाही; ती 'मोठ्या साथीच्या साली', 'छप्पनच्या दुष्काळानंतर' असे तिच्या सासूकडून ऐकलेले सांगते, आणि साथ म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा व छप्पन म्हणजे संवत 1956, अर्थात 1899-1900, हे कळले की बुकाची कोणती पाने उलटायची ते ठरते. सातबारा आणि फेरफारात बायकांची नावे फार कमी येतात. त्यांच्या बोलण्यात मात्र साऱ्या सोयरिकी शाबूत असतात. म्हणून कार्यालयाआधी आत्याकडे जावे आणि तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.

जमिनीसाठी भूमी अभिलेख कार्यालय आहेच. त्यातला 1954-55 चा अधिकार अभिलेख मालगुजारी संपल्यानंतरची पहिली नीट मांडणी दाखवतो, आणि तिथून फेरफार मागे-पुढे लावता येतात. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. एका कार्यालयात माझा नकलेचा अर्ज 'अभिलेख जीर्ण' असा शेरा मारून परत आला, तेव्हा मला खरेच वाईट वाटले; त्या पानांवर कोणाचे पणजोबा असतील, आणि ती पाने पुन्हा कोणी लिहिणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचे तर नागपूरचे अभिलेखागार, विदर्भ संशोधन मंडळ आणि यवतमाळचा शारदाश्रम यांची वाट धरावी लागते. वऱ्हाडातल्या निजामी कारभाराचे कागद हैदराबादेतही आहेत. त्यांवर फसली सन (निजामी महसुली वर्ष) असेल तर त्यात 590 मिळवून त्या सालाच्या सुरुवातीचे इसवी वर्ष काढावे. मोडी येत नसेल तर शिकावी. दोन-तीन महिन्यांत नावे आणि गावे ओळखू येतात, आणि आपल्याला आधी तेवढेच हवे असते.

पल्याडचे गाव अखेर सापडले. ते आता गाव नाही, रिठी मौजा आहे. नकाशात हद्द आणि नाव उरले आहे, वस्ती नाही. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो. एक चिंच, मारुतीचा ओटा आणि चहूकडे नांगरून ठेवलेले वावर. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ओट्याजवळची जागा दाखवून 'इथं विहीर होती' एवढेच सांगितले. मी ती जागा मोजणीच्या जुन्या नकाशावर पाहिली. तिथे विहिरीची खूण आहे.