आडगाव नाक्यावरची बिल्टी ते डेस्कटॉप सपोर्ट

परवा मामेबहिणीचा फोन आला, ताई मी बीए झालेय, कॉम्प्युटरचं काहीच शिकलेली नाही, मला आयटीत कोण घेईल का? अर्धा तास बोललो तरी निम्मं सांगायचं राहिलंच, म्हणून इथे लिहून ठेवतेय, तिला पण लिंक पाठवेन.

मी बीकॉम, ते पण मुक्त विद्यापीठातून, नोकरी करत करत. नाशिकच्या आडगाव नाक्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी म्हणजे मालाची पावती बनवायची, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्ट्र्या मारायच्या, ई-वे बिल म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीचं ऑनलाइन बिल काढायचं हे माझं काम. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर दहावीच्या सुट्टीत केलेलं एमएससीआयटी, बस.

एक दिवस सकाळी ऑफिसातल्या तिन्ही पीसींचं नेट गेलं. सातपूरहून मशीन पार्टचा माल भरून गाडी दारात उभी, ५० हजाराच्या वरचा माल, आणि ई-वे बिलाचा पार्ट बी भरून गाडी नंबर टाकल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. ड्रायव्हर दोनदा आत येऊन गेला, शेठ फोनवर फोन लावतायत, हार्डवेअरवाला म्हणतो संध्याकाळी येतो. मी मोबाईलवर शोधलं, कुठेतरी लिहिलेलं की कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाईप करायची काळी खिडकी, उघडून आयपीकॉन्फिग टाईप करा, केलं, तर आयपी अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला पीसीचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला. हा काय प्रकार म्हणून परत शोधलं तेव्हा कळलं की राउटर प्रत्येक पीसीला आयपी वाटतो त्याला डीएचसीपी म्हणतात, आणि राउटरपर्यंत पीसी पोचलाच नाही तर विंडोज स्वतःच असा १६९.२५४ वाला अॅड्रेस लावून घेतं. म्हणजे बिघाड पीसीत नाही, मधे कुठेतरी आहे. टेबलाखाली वाकून बघितलं तर राउटरकडून स्विचकडे, म्हणजे सगळे पीसी जिथे जोडलेले असतात त्या डब्याकडे, येणारी केबल झाडताना निसटलेली. खटकन बसवली, दहा मिनिटांत गाडी निघाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही खरंच, इतका आनंद झाला होता. आणि मी एक वही केली. काय बिघडलं, काय काय करून बघितलं, शेवटी कशामुळे चाललं, एवढंच लिहायचं. प्रिंटर ऑफलाइन का दाखवतो, टॅलीचा डेटा दुसऱ्या पीसीवर का दिसत नाही, सगळं. दीड वर्षात दोन वह्या भरल्या.

घरी दादाचा जुना लॅपटॉप होता, त्यात रॅम ८ जीबी केली, हार्ड डिस्क काढून तिच्यापेक्षा वेगवान एसएसडी टाकली, ती पण स्वतः व्हिडिओ बघून. मग व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, त्यात एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवता येतो, आणि त्यात उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच पण लिनक्सवाली सिस्टिम, तो चार वेळा बिघडवला आणि चार वेळा परत टाकला. नेटवर्किंगसाठी सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं पॅकेट ट्रेसर, त्यात खरे राउटर न घेता स्क्रीनवरच जोडता येतात. ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल बघा, लिनक्सचे धडे मराठीत आहेत, मी तिथूनच सुरुवात केली.

क्लासचं सांगते, मी एका ठिकाणी चौकशीला गेले तर १०० टक्के जॉब गॅरंटी आणि फी ६० हजार, प्लेसमेंट कुठे झाली विचारलं तर नीट उत्तर नाही. मी नाही भरले. आणि नोकरी देतो, आधी लॅपटॉपचं डिपॉझिट भरा असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.

आयटी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना हिंजवडीच दिसते, गाडी पकडून पुण्याला जायचं तरच आयटी. पण आपल्या नाशिकच्या अंबड, सातपूरच्या कारखान्यांत, हॉस्पिटलांत, पतसंस्थांत नेटवर्क आहे, सीसीटीव्ही आहे, ईआरपी म्हणजे सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर आहे, बंद पडलं की काम थांबतं, आणि ते चालू ठेवणारं माणूस लागतंच. मी अर्ज केले ते सगळे इथलेच, डेस्कटॉप सपोर्टचे, म्हणजे ऑफिसातल्या लोकांचे पीसी, प्रिंटर, नेट चालू ठेवायचं काम. बऱ्याच ठिकाणी अनुभव नाही म्हणून नकार आला, वाईट वाटायचं.

शेवटी अंबडला एका कंपनीत सरांनी विचारलं, युजर म्हणतो नेट नाही, काय करशील? मी आडगाव नाक्याची गोष्टच सांगितली. मग पुढचं, की आधी केबल आणि लाईट बघेन, मग आयपी, मग गेटवेला, म्हणजे बाहेर जायची वाट असलेल्या राउटरला, पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते बघायची कमांड, मग बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या अॅड्रेसला पिंग, तो लागतोय पण वेबसाईटचं नाव टाकलं की उघडत नाही तर डीएनएस बघायचा, जो नावावरून आयपी शोधून देतो. ते म्हणाले हे कुठे शिकलीस, मी पिशवीतून वह्या काढून पुढे ठेवल्या. त्यांनी पाच-सात पानं नीट वाचली. डिग्रीचं काहीच विचारलं नाही.

पगार आधीपेक्षा दोन हजारांनी कमी होता, आईला पटलं नव्हतं. पण पहिल्या सहा महिन्यांत जेवढं हाताखालून गेलं तेवढं घरी तीन वर्षांत गेलं नसतं. आता दोन वर्षं झाली, पगार पण वाढलाय, सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे, सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडायच्या गणिताला, अजून वेळ लागतो माझा, रोज रात्री पाच गणितं सोडवते.

तर बाई गं, तू आधी एक कर. मामांच्या दुकानातला बिलिंगचा पीसी आहे ना, त्याचा आयपी, गेटवे आणि डीएनएस काय आहे ते वहीत लिही, आणि राउटर नक्की कुठे लावलाय ते शोध. रविवारी मी येतेच आहे, वही बघेन.