न्यू ग्लारस: १ ऑगस्टला नको, रविवारी जा

पहिल्या वेळी आमची चांगलीच फजिती झाली. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन १ ऑगस्ट, म्हणून आम्ही बरोबर १ ऑगस्टला, ऑफिसात रजा टाकून, शिकागोच्या उपनगरातून अडीच-तीन तास गाडी हाकत विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लारसला, म्हणजे स्विस लोकांनी वसवलेल्या गावाला, पोचलो. गाव आपलं नेहमीसारखं शांत. खिडक्यांत लाल फुलं, खांबांवर झेंडे, पण गर्दी नाही, गाणं नाही. बेकरीतल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी! आज कामाच्या दिवशी कोण येणार?" मी कपाळावर हात मारला. मंडळाचा गणपती दरवर्षी चतुर्थी सोडून शनिवारी बसवणाऱ्या माणसाला एवढं तरी सुचायला हवं होतं.

तर पहिली सूचना हीच. इथला 'फोल्क्सफेस्ट', म्हणजे स्विस राष्ट्रीय दिनाचा समारंभ, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी असतो. तारीख आणि जागा निघण्याआधी एकदा तपासून घ्या. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत होणाऱ्या विल्यम टेल उत्सवाशी (टेल हा स्विस दंतकथेतला तिरंदाज वीर) याची गल्लत करू नका. तो १९३८पासून चालू आहे, त्यात नाटक असतं, शेळ्या-गाई असतात, बाहेरचे लोकही भरपूर येतात. फोल्क्सफेस्ट लहान आहे. तो गावानं गावासाठी केलेला कार्यक्रम आहे आणि आपण तिथं पाहुणे म्हणून बसायचं. माझं मत विचाराल तर हाच बघावा.

दुसऱ्या वर्षी आई-बाबा भारतातून आले होते, त्यांना घेऊन गेलो. मॅडिसनहून येणाऱ्यांना पाऊण तास पुरतो. व्हेरोनानंतर ६९ नंबरचा रस्ता धरायचा. शिकागोहून रेल्वे नाही, गाडीला पर्याय नाही. शेवटचा तासभर मका, गवत आणि गुरं एवढंच दिसतं, मग टेकड्या सुरू होतात. इथल्या पहिल्या लोकांना ही जागा का भावली असेल ते तिथं कळतं. अर्थात आल्प्सच्या अपेक्षेनं गेलात तर निराश व्हाल. सासवड-जेजुरीच्या बाजूच्या टेकड्या पावसाळ्यात दिसतात तेवढाच चढउतार, हिरवा आणि मऊ.

गावाची कथा जाण्याआधी वाचून ठेवा, म्हणजे समारंभात मन लागतं. १८४०च्या दशकात ग्लारस हा स्वित्झर्लंडच्या डोंगरातला लहानसा कँटन, म्हणजे प्रांत, मेटाकुटीला आला होता. घरच्या मागांवरचं काम यंत्रांनी नेलं, बटाट्याचं पीक गेलं, जमीन वाटून वाटून संपली. तिथल्या लोकांनी वसाहतीसाठी संस्था काढली, दोन माणसं पुढं धाडून १२८० एकर जमीन घेतली आणि १६ एप्रिल १८४५ रोजी १९३ जण निघाले. ऱ्हाइन नदीतून होड्यांनी, मग जहाजानं बाल्टिमोर, मग पुन्हा नद्या. वाटेत कुणी दगावलं, कुणी दुसरीकडेच थांबलं. १५ ऑगस्टला इथं पोचले ते १०८. बाबा म्हणाले, "पंधरा ऑगस्ट आणि एकशे आठ! मुहूर्त काढूनच आलेले दिसतात." जमिनीच्या चिठ्ठ्या टाकल्या, एकेका घराला २० एकर. आधी गहू लावला. तो किडीनं खाल्ला, जमीनही दमली, मग गाई आणि चीज. चर्चच्या आवारात या पहिल्या लोकांचं स्मारक आहे.

एक गोष्ट मात्र कुणी आपणहून सांगत नाही. गावातली ती लाकडी नक्षीची सज्जेवाली घरं पाहून १८४५पासून असंच असेल असं वाटतं, पण तसं नाही. १९६२ साली इथला दूध आटवण्याचा कारखाना बंद पडला, रोजगार गेला, आणि मग गावानं ठरवून दुकानांना स्विस तोंडवळा दिला. बँकसुद्धा शॅलेसारखी, म्हणजे आल्प्समधल्या लाकडी घरासारखी. मला याचा राग येत नाही. पोट भरायला कुणी शिवकालीन वाड्यासारखं हॉटेल बांधतो, कुणी शॅले. पण खरं जुनं बघायचं असेल तर गावातल्या स्विस हिस्टॉरिकल व्हिलेजमध्ये जा. चौदा लहान इमारती आहेत: ओंडक्यांचं घर, शाळा, लोहारकाम, चीजचा जुना कारखाना. दीड-दोन तास हाताशी ठेवा.

समारंभ आम्ही गेलो तेव्हा गावाबाहेरच्या विल्यम टेल शूटिंग पार्कमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या मैदानात, होता. झाडीतलं मोकळं मैदान, लाकडी बाकं. घरून खुर्च्या न्या. सावलीतली बाकं गावातली वडीलधारी मंडळी आधीच धरून बसलेली असतात. उन्हाची टोपी आणि डासांचं मलम हवंच. रोख डॉलर खिशात असू द्या, सगळीकडे कार्ड चालेल असं धरून चालू नका.

पुढाकार मेनरकोरचा, म्हणजे पुरुषांच्या गायक मंडळाचा. हे मंडळ १९२८ सालचं. नक्षीकाम केलेले सदरे घालून आजोबा आणि त्यांचे नातू एका रांगेत उभे. आधी अमेरिकेचं राष्ट्रगीत, मग स्वित्झर्लंडचं. मग अल्पहॉर्न. हे लाकडी वाद्य साडेतीन मीटर लांब असतं, त्याला ना भोक ना कळ. सगळे सूर ओठांनी आणि दमानं काढायचे. आमच्या मुलीला तुतारी ठाऊक, म्हणून ती "हे तर झोपलेलं शिंग आहे" म्हणाली. मग झेंडाफेक: चौकोनी झेंडा फिरवत आकाशात उडवायचा आणि दांडी खाली येताना अलगद झेलायची. एकदा वाऱ्यानं झेंडा भरकटला, तर लोकांनी झेललेल्यापेक्षा जास्त टाळ्या दिल्या.

पण मला सगळ्यात आवडलं ते नाणं फिरवणं. मातीच्या तीन भांड्यांत एकेक मोठं नाणं सोडतात आणि भांडं असं हलवत राहतात की नाणं कडेकडेनं धावत राहतं. तिन्ही भांड्यांचे आवाज वेगळे. त्या घुमण्यावर योडलिंग करतात, म्हणजे आवाज झटक्यात खाली-वर नेत गातात. माईकपासून लांब बसलात तर हे ऐकूच येणार नाही, म्हणून या वेळेला उठून पुढं जा.

आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या आजी घरात ग्लारसची बोली बोलत. यांना ती समजते, बोलता येत नाही. यांचा मुलगा मेनरकोरमध्ये त्याच बोलीतली गाणी पाठ म्हणतो, अर्थ कागदावर लिहून घेतलेला. आईनं माझ्या मुलीकडे पाहिलं. तीही आमच्या मंडळात आरत्या खणखणीत म्हणते. आई काही बोलली नाही, मीही नाही.

त्या आजींनीच डब्यातून पाव काढला. लोणी लावलेला आणि वर हिरवट चुरा. "शाबझिगर," त्या म्हणाल्या. आईनं वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं, ही तर मेथी!" बरोबरच होतं. ग्लारसचं हे जुनं चीज, साय काढलेल्या दुधाचं. त्यात निळ्या फुलांची मेथी वाळवून घालतात. ते कसं करायचं याचा नियम तिथल्या गावसभेनं १४६३ सालीच घालून दिलेला. मैलोगणती लांबच्या दोन बायका अर्धा तास मेथीवर बोलल्या, मधे दुभाषी मी. पदर आणि एप्रन यांचा विषय निघाल्यावर मी पळ काढला.

खाण्याबद्दल आपल्या लोकांना सांगायला हवं. इथली खासियत कॅल्बरवुर्स्ट, म्हणजे वासराच्या मांसाचं पांढरट सॉसेज. ब्राटवुर्स्ट बहुतेक वेळा डुकराचं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं, कुणी वाईट मानत नाही. शाकाहारी असाल तर चीज, प्रेत्झेल, आणि हॉटेलात रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याची खरपूस पोळी. तीसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत असं सांगून मागवा. फोंड्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, वाइन असते आणि पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या विरजणानं धरतात, हेही कडक पाळणाऱ्यांना सांगून ठेवतो. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवली होती. दुपारी तीनला तिचाच आधार वाटला.

बिअरवाल्यांसाठी: गावाच्या टेकडीवर न्यू ग्लारस ब्रूइंग कंपनी आहे, १९९३ सालची. तिची 'स्पॉटेड काऊ' विस्कॉन्सिनच्या बाहेर विकतच नाहीत, त्यामुळे इलिनॉयच्या गाड्यांच्या डिक्क्या परतताना खाली बसलेल्या दिसतात. वयाचा पुरावा मागतात, केस पांढरे असले तरी न्या. गाडी चालवणाऱ्यानं मात्र घरी जाऊनच बाटली उघडावी; तिन्हीसांजेला या रस्त्यांवर हरणं अचानक आडवी येतात.

मुक्काम करायचा असेल तर गावातल्या मोजक्या खोल्या फार आधी भरतात. मॅडिसन किंवा व्हेरोनाला राहणं सोयीचं. दुसऱ्या दिवशी सायकल चालवायची तर जुन्या रेल्वेमार्गावरची शुगर रिव्हर ट्रेल जुन्या स्टेशनापासूनच सुरू होते, २४ मैल, जवळजवळ सपाट. सोळा वर्षांपासून पुढच्यांना पास लागतो. लहान मुलांसाठी गावभर रंगवलेल्या गाईंचे पुतळे आहेत; ते मोजायला लावा, आई-वडिलांना तासभर मोकळीक मिळते.

संध्याकाळी निघताना त्या आजींनी शाबझिगरचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळून आईच्या हातात दिला. परतीच्या सगळ्या वाटेवर गाडीत त्याचा वास. दुसऱ्या दिवशी आईनं तो किसून गरम थालीपिठावर लोण्याबरोबर घातला. तुम्ही करून बघणार असाल तर पिठात मीठ हात राखून घाला, चीज मुळातच खारट असतं.