वर्गातील शांततेचा अभ्यास : गुणात्मक संशोधन शिकतानाचा माझा अनुभव

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात गुणात्मक संशोधनाची लेखी परीक्षा नव्हती. प्रत्येकाने एक छोटा प्रकल्प स्वतः पूर्ण करून अहवाल सादर करायचा होता. माध्यमिक वर्गातील विद्यार्थी मनात शंका असूनही त्या विचारत का नाहीत, हा विषय मी निवडला. मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत प्रश्न फिरवून घेतला. कारणांची टक्केवारी हवी असेल तर प्रश्नावली पुरेशी आहे. शंका गिळून टाकण्याचा अनुभव विद्यार्थी कसा सांगतात आणि वर्गात ते कसे घडते, हे पाहायचे असेल तरच गुणात्मक पद्धतीचा, म्हणजे आकड्यांऐवजी अनुभव आणि प्रसंग समजून घेण्याच्या पद्धतीचा उपयोग, असे त्यांचे म्हणणे होते.

शाळेची परवानगी आणि पालकांची लेखी संमती मिळाल्यावरही प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक होते, कारण पालकांनी होकार दिला तरी नकार देण्याचा मुलाचा हक्क कायम राहतो.

निरीक्षणाच्या वहीत पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे जे दिसले-ऐकले ते आणि उजवीकडे जे वाटले ते लिहायचे, अशी शिस्त होती. एका दिवशी डावीकडे नोंद झाली : ‘“काही शंका?” असे म्हणत शिक्षिका फळा पुसू लागल्या. मागच्या बाकावरील मुलाने हात अर्धवट वर नेला आणि केस सारखे केल्यासारखे करून खाली घेतला.’ उजवीकडे मी लिहिले : ‘संकोच? की विचारायला वेळच उरला नाही?’ प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, हे अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले होते. ते वाचल्यावर हातात घड्याळ घेऊन बसण्याचा मोह झाला. पण सेकंद मोजणे हा वेगळा अभ्यास झाला असता.

मुलाखती अर्धसंरचित होत्या, म्हणजे मुख्य प्रश्न आधी ठरलेले, पण बोलण्याच्या ओघात पुढचे प्रश्न बदलण्याची मोकळीक. ‘तुला भीती वाटते का?’ असे विचारले की उत्तर आपणच मुलाच्या तोंडी घालतो. ‘मागे एखादा भाग समजला नाही तेव्हा तू काय केलेस?’ असे विचारले की मूल प्रसंग सांगू लागते. तासाभराचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला चार ते सहा तास सहज जातात, आणि हे काम दुसऱ्याकडे सोपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कोण कुठे अडखळले, कुठे उगाचच हसले, हे लिहून घेतानाच कानाला कळते.

खरी कसोटी संकेतनाची, म्हणजे उताऱ्यांतील आशयाला छोटी नावे (संकेत) देण्याची. अशा संकेतांतून समान अर्थाची सूत्रे शोधण्याला आशयसूत्र विश्लेषण म्हणतात; ब्राउन आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या त्याच्या सहा टप्प्यांचा आधार मी घेतला होता. ‘मित्र’, ‘शिक्षक’, ‘शिकवणी’ अशा गटांत उतारे भराभर बसले, पण मार्गदर्शकांनी विचारले, ‘यातून तुम्ही नेमके काय म्हणता आहात?’ ते नुसते मथळे होते. आशयसूत्राला काही विधान करावे लागते. मग मुलांच्याच शब्दांतील संकेत वेगळे काढले : ‘सगळे वळून बघतात’, ‘शेजारचीला विचारून घेते’, ‘बाई बाहेर निघाल्या की गाठतो’. ते एकत्र वाचल्यावर लक्षात आले, की मुले गप्प नव्हती. ती शंका चारचौघांसमोरून हलवून सुरक्षित ठिकाणी नेत होती. एक मुलगी मात्र भर वर्गात बेधडक विचारत असे. तिला अपवाद म्हणून वगळता येणार नव्हते, कारण तिच्यामुळेच विधानाची मर्यादा ठरणार होती. आपले विचारणे इतरांच्याही उपयोगी पडते, असे ती सांगत होती, म्हणजे चारचौघांसमोर असणे हेच तिच्या विचारण्याचे कारण होते.

लिंकन आणि गुबा या संशोधकांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेसाठी सुचवलेल्या मार्गांपैकी सहभागींकडून पडताळणी, म्हणजे निष्कर्ष त्यांनाच दाखवून त्यांचे मत घेणे, हा मार्ग मला सर्वांत अवघड वाटला. मसुदा वाचून शिक्षिका म्हणाल्या, ‘मी थांबत नाही असे नाही, तास संपतो.’ त्यांचे म्हणणे तळटीपेत टाकून मोकळे होता आले असते. मी पुन्हा निरीक्षणाच्या वहीतील नोंदी काढल्या. ‘काही शंका?’ हे शब्द जिथे जिथे आले होते, तिथे बहुतेक वेळा पुढच्याच ओळीत घंटेची नोंद होती. त्यामुळे मुलांचा संकोच आणि तासाची रचना ही दोन सूत्रे अहवालात एकाच प्रकरणात घेतली, आणि त्यांच्यातील नाते दाखवताना शिक्षिकेचे वाक्य त्यांच्या संमतीने जसेच्या तसे उद्धृत केले.