टास्कोसा: रेल्वे पल्याडून गेली

आज दिवसभर टेक्सासमधलं टास्कोसा डोक्यात घोळतंय. कॅनेडियन नदीच्या उत्तर काठावरचं हे गाव जगायचं मोकळ्या कुरणांवर, गुरं हाकत नेणाऱ्या काउबॉयांवर. मग मोठ्या रँचवाल्यांनी काटेरी तारा ठोकल्या, वाटाच बंद. १८८७ मध्ये रेल्वे आली, तीही पल्याडच्या काठाने! १८९३ च्या पुरात पूल गेला. घरं बहुतेक कच्च्या मातीच्या विटांची. अशी भिंत पायाशी भिजली की खालून खचते, वरून कितीही लिंपा. कोर्टाची १८८४ ची दगडी इमारत मात्र टिकली. १९१५ मध्ये काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरीही वेगा गावी हलली. शेवटी उरली एकटी फ्रेंची मॅकॉर्मिक, नवऱ्याच्या कबरीजवळ, १९३९ पर्यंत. त्याच वर्षी त्या जुन्या कोर्टात निराधार मुलांसाठी ‘बॉइज रँच’ सुरू झालं.