एम साइजची ग्रिप

पॅरिसमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदकं जिंकली आणि 2024च्या ऑगस्टपासून आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नव्या मुली-बायका येऊ लागल्या. त्यातलीच ही एक. बँकेत नोकरी, वय 31.

तीन महिने ती क्लबच्या एअर पिस्तुलावर सराव करत होती. शॉट डावीकडे, मधल्या दहाऐवजी सात-आठाच्या वर्तुळात. मी रोज बजावायचे, "ट्रिगर ओढू नकोस, दाब." ती मान हलवायची आणि पुढचा शॉट पुन्हा डावीकडे.

एका शनिवारी नवऱ्याला घेऊन आली. स्वतःचं पिस्तूल घ्यायचं ठरलं होतं. "मॅडम, मनूकडे आहे तेच घेऊ, मॉरिनी कंपनीचं," तो म्हणाला. माणूस भला, हौसेने पैसे घालणारा, पण बायकोचा हात त्याने विचारात घेतलाच नव्हता. विक्रेत्याने फोनवर 'लेडीजसाठी हलकं मॉडेल' सुचवलं होतं. मलाही तेच पटलं होतं.

आधी तिला क्लबचंच पिस्तूल धरायला लावलं. डोळे मिटून उचल, लक्ष्यावर आण, मग डोळे उघड. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, हातात बसत असेल तर फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, मागच्या खाचेत मधोमध दिसते, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. तिची दर वेळी एका कडेला. मग मी बाजूला उभी राहून बोट बघितलं. ट्रिगरवर पेराचा मांसल भाग यायला हवा. तिचं फक्त टोक पोचत होतं, तेही ग्रिप तळहातात फिरवून. टोकाने दाबलं की ट्रिगर सरळ मागे येत नाही, पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. अंगठ्याच्या मुळाशी लाल वळ उठला होता. तीन महिने तो तिथेच असणार.

दोन सिनियर मुलींची पिस्तुलं मागून घेतली. दोन्हींना एस साइजची ग्रिप, एक हलकं, एक पूर्ण वजनाचं. हलक्यावर फ्रंट साइट टुणटुण उडत होती. जडावर ती संथ डोलत होती. जडाने दहा पेलेट, म्हणजे छर्रे, मारले. साइट दुसरीच्या डोळ्याला लावलेली, त्यामुळे सगळे खाली गेले, पण एकमेकांना चिकटून. डावीकडे सुटलेला एकच.

"मॅडम, हलकं माझं ऐकत नाही. हे थांबतं."

"खांदा भरून येईल. 75 मिनिटांत 60 शॉट असतात."

"खांद्याचं मी बघते."

नवरा काही बोलणार होता. मी हातानेच थांबवलं. जड मॉडेल, एस ग्रिप, हे तिने ठरवलं. पिस्तूल आल्यावर करंगळीखालची कड तिने माझ्यासमोर कानशीने घासली. दोन घासे, हातात धरून बघणं, पुन्हा दोन घासे. दीड तास गेला. मी कानशीला हात लावला नाही.

आमच्या कपाटात नवशिक्यांसाठी चार पिस्तुलं आहेत, चारही एम ग्रिपची. दोन लहान ग्रिप आणा म्हणून दोनदा लिहून दिलं. दरवर्षी छतावर रंग चढतो, ग्रिप येत नाहीत.

परवा जुनं रजिस्टर काढलं. पाच मुलींच्या नावापुढे माझ्याच अक्षरात 'ट्रिगर ओढते' असं लिहिलंय. त्यातल्या दोघींनी येणं सोडलं. त्यांची बोटं ट्रिगरपर्यंत पोचत होती का, हे मी पाहिलंच नव्हतं.