मिचोआकानच्या डोंगरात मोनार्क पाहायला: वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी माहिती

फेब्रुवारीच्या मध्यात मी, नवरा आणि पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई असे तिघं मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात जाऊन आलो, ते केवळ मोनार्क फुलपाखरं पाहण्यासाठी. टेक्सासात राहणाऱ्यांना ही फुलपाखरं नवी नाहीत. ऑक्टोबरात ती आमच्या डोक्यावरून दक्षिणेकडे जातात, अंगणातल्या फुलांवर मध प्यायला टेकतात आणि पुढे निघून जातात. ती जिथे पोचतात ते जंगल बघायचं बरीच वर्षं मनात होतं. बघून आल्यावर वाटतंय, ज्याला जमेल त्याने एकदा तरी जावं, आणि नीट माहिती घेऊन जावं. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडं या फुलपाखरांबद्दल, कारण ते माहीत असलं की तिथे उभं राहण्याला वेगळा अर्थ येतो. उन्हाळ्यात जन्मलेलं मोनार्क जेमतेम दोन ते सहा आठवडे जगतं. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात जन्मणारी पिढी मात्र आठ-नऊ महिने जगते. ती लगेच प्रजननाच्या मागे लागत नाही. अंगात चरबी साठवते आणि कॅनडा-अमेरिकेतून काही वेळा चार हजार किलोमीटरपर्यंत उडत मध्य मेक्सिकोत येते. वजन अर्धा ग्रॅम. आणि येणाऱ्यांपैकी एकानेही ही जागा आधी पाहिलेली नसते. मागच्या वसंतात इथून गेलेले त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कधीच मेलेले असतात. सूर्याच्या दिशेवरून वाट काढतात हे अभ्यासकांनी दाखवलंय. पण नेमक्या याच मूठभर डोंगरांवर कशी उतरतात, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

गावकऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या सुमारास फुलपाखरं येतात, म्हणून इथल्या मासाहुआ लोकांमध्ये ती परत आलेल्या पूर्वजांचे आत्मे मानली जातात. बाहेरच्या जगाला ठिकाण कळलं ते २ जानेवारी १९७५ रोजी, केन ब्रगर आणि मूळची मिचोआकानचीच कातालिना आग्वादो सेर्रो पेलोन डोंगरावर पोचले तेव्हा. ते दोघं कॅनडाच्या फ्रेड अर्कहार्ट यांच्यासाठी शोध घेत होते. अर्कहार्ट दांपत्याने त्याआधी कित्येक वर्षं फुलपाखरांच्या पंखांना चिठ्ठ्या चिकटवून त्यांचा माग काढायचा प्रयत्न केला होता.

आता जायचं कसं. भारतीय पासपोर्टवर चालू मुदतीचा अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीनकार्ड असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. सासूबाईंच्या पासपोर्टवर अमेरिकेचा पर्यटक व्हिसा होता, तेवढ्यावर काम झालं. तिकीट काढण्याआधी नियम एकदा पुन्हा पाहून घ्या, आणि अमेरिकेत परत येतानाची कागदपत्रं तर दोनदा तपासा. मेक्सिको सिटीच्या पश्चिमेकडच्या बस अड्ड्यावरून, म्हणजे ओब्सेर्वातोरिओहून, सिताक्वारोच्या चांगल्या बसेस सुटतात. सिताक्वारोहून अंगांगेओला स्थानिक गाडी किंवा टॅक्सी मिळते. अंगांगेओ हे खाणींचं जुनं गाव, दरीत लांबट पसरलेलं. मुक्काम तिथेच करा. मेक्सिको सिटीहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहली मिळतात, पण त्यात सगळा वेळ गाडीत जातो आणि गावाला फारसं काही मिळत नाही. शिवाय मुक्काम असला की एखाद्या दिवशी ढग आले तरी दुसरा दिवस हातात राहतो, आणि इथे उन्हावरच सगळं अवलंबून आहे.

अंगांगेओहून दोन अभयारण्यं जवळ आहेत, एल रोसारिओ आणि सिएर्रा चिंकुआ. एल रोसारिओ सगळ्यांत मोठं आणि गर्दीचं. पायऱ्या आणि बांधलेली वाट आहे. चिंकुआत गर्दी कमी, आधी मोकळं माळरान आणि मग जंगल. पण तिथे फुलपाखरांपर्यंत बरंच खाली उतरावं लागतं आणि येताना तो चढ दमलेल्या पायांनी चढायचा असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी एल रोसारिओच धरावं. दोन्हीकडे वाटेचा काही भाग घोड्यावरून जाता येतो. सासूबाई घोड्यावर बसल्या, घोडेवाल्या मुलाने लगाम हातात धरून सावकाश नेलं, आणि शेवटचा टप्पा त्या काठी टेकत स्वतः चालल्या. उंची तीन हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे तरण्याताठ्यांनाही धाप लागते. मेक्सिको सिटीच मुळात २,२४० मीटरवर आहे. तिथे एक-दोन रात्री काढून मग वर गेलात तर डोकं दुखण्याचा त्रास कमी होतो. भरपूर पाणी प्या आणि पहिल्या दिवशी धावपळ नको.

स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि ते फार चांगलं आहे. ही जमीन एहिदोची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची. वाटाडे, घोडेवाले, फाटकावर तिकीट फाडणारे, खाली चुलीवर पोळ्या भाजणाऱ्या बायका, सगळे त्याच गावातले. आमच्या वाटाड्या काकूंनी चढताना मध्येच थांबून जमिनीवरचे सुटे पंख दाखवले. एका पंखाला कडेला चोचीच्या आकाराची खाच होती. मोनार्कच्या अंगात विष असतं, अळी असताना खाल्लेल्या मिल्कवीड नावाच्या झुडपाच्या चिकातून आलेलं, त्यामुळे बहुतेक पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. पण इथल्या दोन जातीच्या पक्ष्यांनी, काळ्या पाठीचा ओरिओल आणि काळ्या डोक्याचा ग्रोसबीक, यांनी मार्ग काढलाय. एक विषारी भाग टाळून आतलं तेवढं खातो, दुसऱ्याला ते विष बऱ्यापैकी पचतं. काकूंनी मागच्या पंखावरचा छोटा काळा ठिपकाही दाखवला. तो असला की नर, नसला की मादी.

पोचलो तेव्हा ऊन आलं नव्हतं. समोर ओयामेलची, म्हणजे तिथल्या फर जातीच्या सूचिपर्णी वृक्षांची उंच झाडं, आणि त्यांच्या फांद्यांवर वाळक्या पानांसारखं काहीतरी करड्या-तपकिरी रंगाचं लगडलेलं. मिटलेल्या पंखांची बाहेरची बाजू फिकट असते, म्हणून नारिंगी रंग दिसतच नाही. खोडंसुद्धा बुंध्यापासून झाकलेली. फांद्या वजनाने खाली वाकलेल्या, आणि हे वजन अर्ध्या अर्ध्या ग्रॅमचं! मग ढग सरकला. आधी एका फांदीचा रंग बदलला, मग शेजारच्या. पंख उघडून ती ऊन खात होती. थोड्या वेळाने घोस सुटायला लागले आणि हवा भरून गेली. पंखांचा आवाज येतो हो! एकट्या फुलपाखराचा कधी ऐकू येत नाही, पण तिथे स्पष्ट येतो. एक मादी सासूबाईंच्या शालीवर येऊन बसली. त्या हलल्यासुद्धा नाहीत. उडून गेल्यावर म्हणाल्या, "हिचा पंख किती फाटलाय गं, तरी एवढं लांब आली."

फेब्रुवारीत जाण्याचा फायदा हाच. नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत अभयारण्यं खुली असतात, पण डिसेंबरात फुलपाखरं बहुतेक वेळ गारठून बसलेली असतात. जानेवारीच्या मध्यापासून ऊन वाढतं, ती पाणी प्यायला ओढ्यांवर उतरतात आणि फेब्रुवारीत जोड्या जमायला लागतात. शनिवार-रविवार टाळा. सकाळी लवकर वर पोचा. ऊन चढताना पंख उघडतात ते बघायला आधीपासून तिथे असायला हवं.

सर्वांत महत्त्वाचं, हे जंगल दाट का राहायला हवं. ओयामेलची गर्द छत्री रात्री जमिनीची ऊब धरून ठेवते आणि पाऊस अडवते. कोरडं फुलपाखरू शून्याखालची बरीच थंडी सोसतं. भिजलेलं मात्र त्याहून कमी थंडीत गोठून मरतं. जानेवारी २००२ मध्ये पाऊस आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी आली, तेव्हा इथली बहुसंख्य फुलपाखरं मेली होती. जंगलात झाडं तोडून फट पडली की असं संकट ओढवणं आणखी सोपं होतं.

मोनार्क मोजली जातात ती त्यांनी व्यापलेल्या जंगलाच्या क्षेत्रावरून. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होतं. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टरवर आलं. २०२३-२४ मध्ये ०.९० आणि २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर. वाढ झाली म्हणून हायसं वाटतं, पण १८ कुठे आणि पावणेदोन कुठे! याचं मोठं कारण मेक्सिकोत नाही, अमेरिकेत आहे. तणनाशक सहन करणारा मका आणि सोयाबीन आल्यापासून मध्य-पश्चिमेच्या शेतांतलं मिल्कवीड जवळजवळ नाहीसं झालं, आणि मोनार्कची अळी दुसरं काहीच खात नाही. त्यात दुष्काळ आणि बदलतं हवामान. १९८६ मध्ये मेक्सिकोने हे डोंगर संरक्षित केले, २००० मध्ये क्षेत्र वाढवून सुमारे ५६ हजार हेक्टर केलं, २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. तरी चोरटी तोड पूर्ण थांबलेली नाही. एल रोसारिओचे ओमेरो गोमेस गोन्सालेस आधी लाकूडतोडीच्या धंद्यात होते, मग याच जंगलाचे राखणदार झाले. जानेवारी २०२० मध्ये ते बेपत्ता झाले आणि महिनाअखेर त्यांचा मृतदेह सापडला. हे जंगल उभं ठेवायला तिथली माणसं काय पणाला लावतात, हे ठाऊक असलं की वाटाड्याच्या मजुरीत घासाघीस करवत नाही.

म्हणूनच सुरक्षिततेचं स्पष्ट लिहिते. मिचोआकानसाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याचा प्रवास-इशारा कडक असतो. तो वाचून स्वतःचा निर्णय घ्या. आम्ही फक्त दिवसाउजेडी प्रवास केला आणि मुक्कामाच्या घरमालकिणीने ओळखीचा ड्रायव्हर दिला. मिचोआकान नकोच वाटलं तर शेजारच्या मेक्सिको राज्यात, वाये दे ब्राव्होजवळ, पिएद्रा हेर्रादा हे अभयारण्य आहे. तिथला चढ मात्र दमवणारा आहे.

बाकी बारीकसारीक. रोख पेसो सुट्ट्या नोटांत जवळ ठेवा. सकाळी स्वेटर-टोपी, दुपारी उन्हाची टोपी. धुळीची वाट, म्हणून चांगले बूट. फ्लॅश नाही, हात लावायचा नाही, बोलायचं तर कुजबुजत. पायाखाली बघून चाला, गारठलेली फुलपाखरं वाटेवर पडलेली असतात. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही: निळ्या मक्याच्या गरम पोळीत चीज आणि अळंबी किंवा भोपळ्याची फुलं घालून देतात. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, तेव्हा "सिन मान्तेका?" असं विचारून घ्या.

परतताना सासूबाई रुईची गोष्ट सांगत होत्या. शनिवारी मारुतीला पानांची माळ करायला रुई तोडताना पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या दिसायच्या. ती प्लेन टायगर फुलपाखराची अळी, मोनार्कचीच चुलत बहीण, आणि रुई मिल्कवीडच्याच कुळातली. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना यावरून एक सांगायचंय. रोपवाटिकेत लाल-पिवळ्या फुलांचं जे मिल्कवीड सर्रास मिळतं, ते म्हणजे आपल्याकडचं हळदीकुंकू. टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या ऊबदार भागात ते थंडीतही हिरवं राहतं, त्यामुळे फुलपाखरं प्रवास सोडून तिथेच अंडी घालत राहतात आणि त्यांच्यात परजीवी रोग पसरतो. ते लावू नका. असेलच तर ऑक्टोबरात जमिनीसरसं छाटा. आपापल्या भागातलं देशी मिल्कवीड लावा, बी थंडीआधी पेरा, आणि सोबत शरदात फुलणारी अॅस्टर-गोल्डनरॉड ठेवा. टेक्सासकरांसाठी तर मार्च महत्त्वाचा. मेक्सिकोतून निघालेल्या माद्या पहिली अंडी इथेच घालतात. तेव्हा मार्च-एप्रिलात गवत कापायचं यंत्र फिरवण्याआधी अंगणातल्या मिल्कवीडची पानं उलटून बघा. टाचणीच्या डोक्याएवढं पांढुरकं अंडं दिसलं, तर तेवढा तुकडा मे अखेरपर्यंत तसाच राहू द्या.