सहा व्होल्टचं काम

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. वडिलांनी सुरू केलं ते मोटर रिवाइंडिंगचं काम. उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. जोडीला जीप-ट्रकचे डायनामो यायचे. पुढे गाड्यांना अल्टरनेटर लागले आणि डायनामोचं काम आटत गेलं. तरी वडिलांनी ग्राउलर, म्हणजे डायनामोचं वाइंडिंग तपासायचं यंत्र, भंगारात घातला नाही. त्यावर जुन्या मोटारसायकलींचे डायनामो आणि वायरिंग दुरुस्त करायचा आमचा आजचा धंदा उभा आहे.

या धंद्याला निमित्त झाली जावा मोटारसायकल. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून या गाड्या काढल्या, १९७३ पासून येझदी नावाने विकल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गाड्या मात्र घराघरांत राहिल्या. जुन्या २५० सीसी जावाचा डायनामो ६ व्होल्ट, ४५ वॉटचा. तो बेल्टवर फिरत नाही. आर्मेचर, म्हणजे त्याचा तार गुंडाळलेला फिरता भाग, सरळ इंजिनच्या क्रँकच्या टोकावर बसतं. त्यामुळे क्रँकचं बेअरिंग ढिलं झालं की आर्मेचर भोवतालच्या चुंबकाच्या पोलला घासायला लागतं. आमच्याकडे आर्मेचर आलं की मीटर लावायच्या आधी आम्ही त्याच्या अंगावर घासल्याची चकाकी बघतो. दिसली तर सांगतो, आधी इंजिन उघडा, बेअरिंग बदला, मग या. नाहीतर नवं वाइंडिंग महिन्याभरात परत येणार. काहीजण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

तपासणीची पद्धत वडिलांचीच आहे. ग्राउलरवर आर्मेचर ठेवायचं, हॅक्सॉचं ब्लेड एकेका खाचेवर धरत फिरवायचं. आतली कॉइल शॉर्ट असेल तिथे ब्लेड थरथरतं. जुनी तार तोडण्याआधी वेढे मोजायचे, मायक्रोमीटरने जाडी घ्यायची, कुठल्या खाचेतली तार कम्यूटेटरच्या, म्हणजे टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या, कुठल्या पट्टीवर गेली ते कागदावर काढून ठेवायचं. मग खाचांत लेदरॉइडचा इन्सुलेशन कागद, नवी इनॅमलची तार, व्हार्निश आणि भट्टी. शेवटी कम्यूटेटर लेथवर घेऊन पट्ट्यांमधला अभ्रक किंचित खाली काढायचा. तो वर राहिला की त्यावर टेकणारे कार्बन ब्रश उडतात, ठिणग्या पडतात आणि दोष वाइंडिंगवर येतो. हे शेवटचं काम घाईत सोडून देणारे बरेच आहेत.

डायनामो नीट झाला तरी गिऱ्हाइकांची तक्रार असायची, ‘लाइट मेणबत्तीसारखी आहे हो.’ म्हणून वायरिंगही हातात घ्यावं लागलं. हे काम भाच्याने उचललं. हिशेब साधा आहे. ३० वॉटचा दिवा ६ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. गंजलेल्या अर्थमध्ये (चेसीतून बॅटरीकडे परत जाणाऱ्या जोडणीत) आणि स्विचमध्ये मिळून ०.२ ओहम अडथळा असला, तर १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि उजेड जवळपास निम्म्यावर येतो. तोच दिवा १२ व्होल्टचा असता तर अर्धाच व्होल्ट गेला असता, तोही बारातून. त्यामुळे सहा व्होल्टच्या गाडीला गंज चालत नाही. आम्ही जाड तार घालतो, तारेच्या टोकाला थिंबल दाबून वर झाळतो आणि दिव्यापासून बॅटरीपर्यंत अर्थची वेगळी तार नेतो. चेसीच्या रंगावर भरवसा ठेवत नाही. पावडर कोटिंग केलेल्या चेसीवर तर बोल्टखालचा रंग खरवडल्याशिवाय अर्थ मिळतच नाही, आणि मालकाच्या देखत नव्या रंगावर पॉलिश पेपर मारायला छाती लागते!

‘बारा व्होल्ट करून टाका’ असं बरेचजण म्हणतात. होतं तसं. योग्य रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) लावला तर तोच डायनामो १२ व्होल्टही देतो, फक्त चार्जिंग जरा जास्त आरपीएमला सुरू होतं. इग्निशन कॉइल, हॉर्न, बल्ब मात्र बदलावे लागतात. रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्याला आम्ही स्वतःच ते सुचवतो. प्रदर्शनाची गाडी असेल तर जुन्या रेग्युलेटरच्या डब्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवतो, पण मालकाला सांगून आणि बिलावर लिहून. फक्त १२ व्होल्टची बॅटरी ठेवून बाकी तसंच सोडलेल्या गाड्याही येतात. त्यांचं काय जळालं नाही एवढंच शोधायचं असतं.

बुलेटचं काम नंतर आलं. लुकास कंपनीच्या जुन्या इलेक्ट्रिक सिस्टीमच्या बुलेटला बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. सवयीने मायनस बॉडीला लावला की रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, गेला. अशा प्रत्येक गाडीच्या बॅटरीपाशी आता आम्ही लाल अक्षरांत मराठीत चिठ्ठी चिकटवतो. ती चेन्नईच्या मालकानेही तशीच राहू दिली आहे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिन असतो. त्याआधीचा महिना, त्यात कोल्हापूरचा पाऊस, म्हणजे व्हार्निश वाळता वाळत नाही आणि फोन थांबत नाही. म्हणून जूनमध्ये आलेलं आर्मेचर आम्ही जुलैसाठी कबूल करत नाही. कुरिअरने पाठवणाऱ्यांनी आर्मेचरबरोबर फील्ड कॉइल (पोलवरची चुंबकाची कॉइल) आणि कार्बन होल्डरही पाठवावेत. एकटं आर्मेचर दुरुस्त करता येतं, पण चार्जिंग देतं की नाही ते बघता येत नाही.